गोदावरीतली सिलिका, डायटम आणि समुद्र: प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर

पाऊस संपून नदी निवळली, म्हणून नोंदवही आजपासून सुरू केली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. मी रसायनशास्त्राची, जोडीला मैत्रीण वनस्पतिशास्त्राची. विषय समुद्रातलं सिलिकाचक्र, म्हणजे सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग, काचेचा मुख्य घटक) कुठून येते आणि कुठे जाते, आणि त्यातलं डायटमचं, म्हणजे सिलिकाचं कवच असलेल्या एकपेशीय शैवालांचं, काम. वर्गात पहिला प्रश्न आला तो हाच, की नाशिकला बसून समुद्राचा विषय कशाला? उत्तर ब्रह्मगिरीच्या दगडात आहे. आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि त्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग सिलिका असतो. मातीतला कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात विरघळतो, ते सौम्य आम्ल दगड झिजवतं, आणि दगडातलं सिलिकॉन सिलिसिक आम्लाच्या रूपात पाण्यात उतरतं. ग्रॅनाइटपेक्षा बेसाल्ट लवकर झिजतो. गोदावरी हे विरघळलेलं सिलिकॉन घेऊन १४६५ किलोमीटर वाहते आणि बंगालच्या उपसागरात सोडते. समुद्राला मिळणाऱ्या सिलिकॉनपैकी निम्म्याहून जास्त नद्यांकडूनच येतं. म्हणजे आम्ही चक्राच्या सुरुवातीलाच उभ्या आहोत.

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी एकच अट घातली: "जे मोजाल ते नदीचं मोजा, आणि समुद्राबद्दल जे लिहाल ते वाचून, पडताळून लिहा."

११ नोव्हेंबर

आज वाचन. हिशोब टेरामोलमध्ये मांडतात (मोल हे पदार्थातले कण मोजायचं माप, टेरा म्हणजे एक लाख कोटी), त्यामुळे आकडे डोळ्यांसमोर उभे राहीनात. म्हणून टनांत बदलून घेतले. एक टेरामोल सिलिका म्हणजे सुमारे ६ कोटी टन.

फ्रान्समधले पॉल त्रेगेर आणि त्यांचे सहकारी यांनी जगातल्या समुद्रांच्या सिलिकाचा ताळेबंद १९९५ मध्ये मांडला, पुढे २०१३ आणि २०२१ मध्ये सुधारला. १९९५ मध्ये वर्षाची आवक ६.१ टेरामोल धरली होती. २०२१ च्या ताळेबंदात ती १४.८ झाली. समुद्रात सिलिका वाढली असा याचा अर्थ नाही. किनाऱ्याखालून झिरपणारं भूजल, गाळातून विरघळणारी खनिजं, हिमनद्यांचं पाणी असे आधी नीट न मोजलेले किंवा सुटलेले वाटे हिशोबात आले. नद्यांचा वाटा ८.१, भूजलाचा २.३, समुद्रतळाच्या गाळातल्या खनिजांचा १.९, समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांचा १.७, वाऱ्याने येणाऱ्या धुळीचा ०.५, बर्फाचा ०.३.

जावक १५.६. तिच्यातले ९.२ डायटम वगैरेंच्या कवचांच्या रूपात गाळात पुरले जातात, १.७ स्पंजांच्या सांगाड्यांत अडकतात, आणि ४.७ समुद्रतळाच्या गाळात नव्या चिकणमातीची खनिजं बनण्यात खर्च होतात. प्रत्येक आकड्याला मोठी अनिश्चितता आहे, त्यामुळे आवक-जावकेत दिसणारा फरक तूट म्हणून वाचायचा नाही.

आता ज्या आकड्याने मी वही बाजूला ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिले तो. समुद्रातले सजीव, मुख्यतः डायटम, वर्षाला २५५ टेरामोल सिलिका बांधतात. साधारण १५०० कोटी टन! आवक १५, वापर २५५. हे शक्य होतं कारण तोच सिलिकॉनचा अणू पुन्हा पुन्हा वापरला जातो. कायमचा गाळात जाण्याआधी तो सरासरी सोळा-सतरा वेळा कुठल्या ना कुठल्या कवचात बसतो आणि परत विरघळतो. समुद्रातला त्याचा मुक्काम सुमारे ८००० वर्षांचा.

म्हणून प्रकल्पाचे दोन भाग ठरवले. एक, नदीच्या पाण्यातली विरघळलेली सिलिका वरपासून खालपर्यंत कशी बदलते. दोन, डायटमचं कवच विरघळतं कसं आणि त्याला अडवतं कोण. दुसरा भाग प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये.

१५ नोव्हेंबर

चाचणीची तयारी. पद्धत जुनी आणि खात्रीची आहे: आम्लात अमोनियम मॉलिब्डेट घातलं की विरघळलेली सिलिका पिवळा रंग देते. फॉस्फेटही तसाच पिवळा रंग देतं, म्हणून त्यानंतर ऑक्झॅलिक आम्ल घालायचं. ते फॉस्फेटचं संयुग मोडतं, सिलिकाचं तसंच राहतं. मग ॲस्कॉर्बिक आम्ल घातलं की निळा रंग येतो आणि कलरीमीटरवर वाचता येतो. शहराखालच्या पाण्यात फॉस्फेट असणारच, त्यामुळे ऑक्झॅलिक आम्लाची पायरी इथे फार महत्त्वाची.

काचेची एकही बाटली वापरायची नाही, कारण काच स्वतःच सिलिका सोडते. नमुने, अभिकर्मकं, प्रमाणित द्रावण, सगळं प्लास्टिकमध्ये. गाळणकागदही काचतंतूंचा चालत नाही. प्रयोगशाळेतल्या मामांनी कपाटाच्या मागून जुन्या पॉलिथिनच्या बाटल्या काढून दिल्या आणि स्वतः आम्लाने धुऊन उन्हात पालथ्या घातल्या.

१७ नोव्हेंबर

चार ठिकाणं ठरली: त्र्यंबकेश्वरखाली चक्रतीर्थ, गंगापूर धरणाखाली सोमेश्वर, शहर ओलांडल्यावर दसक, आणि गोदावरी-कादवा संगमाजवळचं नांदूर मधमेश्वर.

२३ नोव्हेंबर

सोमेश्वर. धबधब्याच्या खालच्या अंगाला, पाणी पायांवरून सावकाश जाईल अशी जागा घेतली. दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर असतो, ज्यावरून हमखास पाय सरकतो. हा थर मुख्यतः डायटमचा, तेच आमचं साहित्य. पाच दगड उचलले, वरचा पृष्ठभाग नव्या टूथब्रशने घासला, ते पाणी एका ट्रेमध्ये जमवलं आणि दगड होते तिथे परत ठेवले. मैत्रीण म्हणाली, रंग हिरवा नसून तपकिरी का, तर फ्युकोझँथिन. हरितद्रव्य असतंच, पण हे रंगद्रव्य त्याच्यावर मात करतं.

संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले वेगवेगळे डायटम पाहिले. नॅव्हिक्युला होड्यांच्या आकाराच्या, आणि चालत होत्या! कवचाला मधोमध एक फट असते, रेफी, तिच्यातून स्राव सोडत त्या सरकतात. अडथळा आला की थांबतात आणि मागे येतात. गोंफोनेमा देठांवर उभ्या होत्या. एका बाजूला फुगलेल्या सिंबेला. तासभर आम्ही दोघी आळीपाळीने फक्त बघत राहिलो. नोंदवहीत लिहिण्यासारखं त्यातून फारसं निघालं नाही, पण ज्या जीवांवर महिनोन्‌महिने काम करायचं ते हलताना बघून ठेवले पाहिजेत असं मला वाटतं.

महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमवर पायाभूत काम केलं ते हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांनी. १९५० च्या दशकात त्यांनी पन्हाळगडावरच्या पाण्यातले डायटम बारकाईने नोंदवले. गडावरची तळी बघून परतणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

३० नोव्हेंबर

दसक. खरवड घेतली, पाणी घेतलं. इथे लांबट, बारीक निट्झशिया फार. निट्झशिया पॅलिया ही जाती सांडपाण्यात तगून राहते म्हणून जगभर प्रदूषणाची खूण मानतात. आमच्या नमुन्यातली तीच आहे का, हे साफ केलेली कवचं बघितल्याशिवाय मैत्रीण लिहू देत नाही. बरोबर आहे तिचं.

६ डिसेंबर

कवचं साफ केली. तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये खरवड गरम केली की पेशीतलं सगळं सेंद्रिय जळून जातं आणि फक्त सिलिका उरते. मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुणं: स्थिर ठेवायचं, वरचं पाणी हलकेच ओतायचं, परत पाणी. तळाशी पांढरट साय बसते. ती सगळी कवचंच.

कवच दोन भागांचं, कुंकवाच्या करंड्यासारखं. वरचं झाकण खालच्यावर थोडं चढलेलं. पेशी दुभंगते तेव्हा प्रत्येक पिल्लाला एक जुना भाग मिळतो आणि दुसरा ते स्वतः आतून घडवतं. आत बनलेला भाग नेहमी लहान, त्यामुळे पिढ्यांगणिक सरासरी आकार घटत जातो. फार लहान झाल्यावर बहुधा लैंगिक प्रजनन होऊन ऑक्झोस्पोर नावाची मोठी पेशी बनते आणि मूळ आकार परत येतो.

घडवण्याची रीत मला सगळ्यात विलक्षण वाटते. पाण्यात सिलिकॉन अगदी विरळ असतं. समुद्राच्या पृष्ठभागावर बऱ्याच ठिकाणी लिटरमागे दोन-चार मायक्रोमोलच (मायक्रोमोल म्हणजे मोलचा दहा लाखावा भाग). डायटमच्या पटलावर त्याला आत ओढणारी खास प्रथिनं असतात. ती १९९७ मध्ये सापडली. आत एका पातळ पिशवीत सिलिकाचं निक्षेपण होतं, आणि ते घडवून आणणारी सिलॅफिन नावाची प्रथिनं १९९९ मध्ये ओळखली गेली. हे सगळं साध्या तापमानाला, साध्या पाण्यात. काच करायला आपल्याला भट्टी लागते.

पुढच्या सगळ्यासाठी लक्षात ठेवायचं ते हे: सिलिकॉन संपलं की बहुतेक डायटमची पेशी दुभंगूच शकत नाही. नायट्रेट, फॉस्फेट, ऊन कितीही असो. इतर बहुतेक शैवालांना ही अडचण नाही.

१४ डिसेंबर

बाटल्यांचा प्रयोग लावला. पाणी समुद्रासारखं: मीठ आणि खाण्याचा सोडा घालून सामू (pH) ८ च्या आसपास. सगळ्या बाटल्या अंधारात, म्हणजे जिवंत पेशी सुटलेली सिलिका परत घेऊन वाढणार नाहीत.

क: पेरॉक्साइडने साफ केलेली कवचं.
ख: ताजी खरवड, जशीच्या तशी, तिच्यावरच्या जिवाणूंसह.
ग: ताजी खरवड, जिवाणू रोखणारी प्रतिजैविकं घालून.
घ: क सारखीच, पण फ्रीजमध्ये.

मुळातला प्रश्न असा आहे. समुद्राचं पाणी या सिलिकाच्या बाबतीत कायम अतृप्त असतं, म्हणजे आणखी सिलिका त्यात विरघळू शकते. संतृप्त व्हायला लिटरमागे हजाराच्या वर मायक्रोमोल लागतील. समुद्राची सरासरी ७० च्या आसपास. मग जिवंत डायटम तिथे विरघळून का जात नाही? जॉइस लेविन यांनी १९६१ मध्ये दाखवलं की जिवंत पेशींचं कवच टिकतं, पण आम्लाने साफ केलेलं कवच विरघळू लागतं. कवचावरचं सेंद्रिय आवरण त्याला राखतं. पुढे १९९९ मध्ये बिडल आणि आझम यांनी हे आवरण काढून टाकणारे कोण ते दाखवलं: समुद्रातले जिवाणू. ते आवरणातली प्रथिनं खातात आणि उघडी पडलेली सिलिका झपाट्याने विरघळते. म्हणजे समुद्रात सिलिकाचं चक्र किती वेगाने फिरेल हे बऱ्याच अंशी जिवाणूंच्या हाती आहे.

२१ डिसेंबर

चारही ठिकाणच्या पाण्याची सिलिका आज एकत्र काढली. चक्रतीर्थाचा निळा रंग सगळ्यात गडद. गंगापूर धरणाखाली तो उतरलेला, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यामागे आणखी फिका. दसकला सिलिका सोमेश्वरच्या जवळपास, पण नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र कितीतरी वर. एका हिवाळ्याच्या नमुन्यांवरून गोदावरीबद्दल विधान करणार नाही. दिशा मात्र जगभर दिसते तीच आहे.

२८ डिसेंबर

नांदूर मधमेश्वर. पहाटे निघालो, पाण्यावर बदकांचे थवे, मनोऱ्यावर दुर्बिणी घेतलेले लोक. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) हे. सगळ्यांच्या नजरा वर, आम्ही दोघी खाली वाकून पाण्यात जाळी फिरवत होतो. पक्षी मोजणाऱ्या एका काकांनी विचारलं, "ताई, मासे का?" सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आमच्या पक्ष्यांच्या जेवणाचं जेवण." अगदी तेच.

इथे पाणी थांबतं, गाळ खाली बसतो, ऊन आत शिरतं. दगडाला चिकटणाऱ्या डायटमऐवजी पाण्यात तरंगणारे जास्त: गोल सायक्लोटेला, साखळीत जोडलेल्या ऑलाकोसायरा. ते पाण्यातली सिलिका घेतात, मरतात, आणि पुष्कळसे बंधाऱ्यामागच्या गाळात जातात. या जलाशयात गाळ किती साचला आहे हे इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. त्या गाळात नदीने समुद्राकडे न्यायला घेतलेल्या सिलिकाचाही एक भाग आहे.

५ जानेवारी

कालपासून एकच विषय डोक्यात आहे, म्हणून सविस्तर लिहिते. प्रकल्पात मला म्हणायचं आहे ते हेच.

डायटमना नायट्रोजन आणि सिलिकॉन जवळजवळ समसमान लागतं. मार्क ब्रझेझिन्स्की यांनी १९८५ मध्ये मोजलेलं प्रमाण कार्बन १०६, सिलिकॉन १५, नायट्रोजन १६, फॉस्फरस १. नदी हे दोन्ही समुद्राला देते. सिलिकॉन नायट्रोजनइतकं किंवा जास्त असेल तर किनाऱ्याजवळ डायटम वाढतात, त्यांच्यावर कोपेपॉड (पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी प्राणी), त्यांच्यावर मासे. सिलिकॉन कमी पडलं तर डायटम थांबतात आणि उरलेल्या नायट्रोजनवर दुसरी शैवालं वाढतात, ज्यांत विषारी आणि माशांच्या फारशा कामाची नसलेलीही असतात.

आता आपली नदी बघा. सिलिकॉन येतं दगडातून. ते आपण वाढवत नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात शहराच्या सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतांतून. ते वाढतच आहेत. आणि मध्ये धरणं. क्लेअर शेल्स्के आणि यूजीन स्टोर्मर यांनी १९७१ मध्ये मिशिगन सरोवरासाठी हीच साखळी मांडली: फॉस्फरस वाढला, त्याने डायटम वाढले, त्यांनी सिलिका संपवत आणली. म्हणजे थांबलेल्या पाण्यात सांडपाणी सोडणं हे सिलिका अडवण्याचंच काम करतं. धरण एकटं जितकं अडवेल त्याहून जास्त.

डॅन्यूब नदीवर १९७२ मध्ये आयर्न गेट्स धरण झालं. क्रिस्टोफ हुंबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की त्यानंतर नदीतून काळ्या समुद्रात जाणारी विरघळलेली सिलिका सुमारे दोन तृतीयांशाने घटली, आणि किनाऱ्याजवळ डायटमची जागा सिलिका न लागणाऱ्या शैवालांनी घेतली. या घटीत त्या एका धरणाचा वाटा किती, यावर नंतर वाद झाला. वरच्या खोऱ्यातल्या इतर धरणांकडेही संशोधकांनी बोट दाखवलं. मला हा वाद उपयोगाचा वाटतो, कारण तो एका भिंतीकडून सगळ्या खोऱ्याकडे बघायला लावतो.

गोदावरीवर गंगापूर, नांदूर मधमेश्वर, जायकवाडी, आणि खाली थेट आंध्रातल्या धवलेश्वरमपर्यंत पाणी अडवलेलं आहे. धरणं नकोत असं मी म्हणत नाही. आमच्या घरचं पाणी गंगापूरचंच आहे. पण नदीच्या आरोग्याबद्दल आपण बोलतो तेव्हा बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), विरघळलेला ऑक्सिजन आणि पाणवेली यांच्यापाशी थांबतो. नायट्रोजनच्या शेजारी सिलिकॉनचा आकडा मांडायला हवा. एकट्या सिलिकॉनच्या आकड्यावरून काही कळत नाही, एकट्या नायट्रोजनच्या आकड्यावरूनही नाही.

मॅडमचा शेरा: "हा भाग प्रबंधात पुढे घ्या. आणि पावसाळ्याचं काय, ते लिहा."

१२ जानेवारी

मॅडमचा मुद्दा फार मोलाचा आहे. गोदावरीचं बहुतेक पाणी पावसाळ्यात वाहतं. तेव्हा ते गढूळ असतं, ऊन आत शिरत नाही, धरणांचे दरवाजे उघडे असतात, पाणी थांबत नाही. डायटमना सिलिका घ्यायला ना प्रकाश ना वेळ. म्हणजे समुद्राला मिळणारी सिलिका मुख्यतः त्या चार महिन्यांत निसटते, आणि आमचे हिवाळ्याचे नमुने नदीची दुसरीच बाजू दाखवतात.

१८ जानेवारी

बाटल्या. क चा रंग सर्वांत गडद. त्यामागे ख. ग बराच मागे. घ, फ्रीजमधली, साफ कवचं असूनही क च्या मानाने फिकी. जे वाचलं होतं ते समोर दिसलं: आवरण असेल तर कवच टिकतं, जिवाणू आवरण खातात, आणि थंडीत विरघळणं मंदावतं.

ख आणि क मधला फरक दर वाचनाला कमी होत चालला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ख मधल्या कवचांच्या कडा झिजलेल्या, बारीक नक्षी पुसट. पेशीतलं तपकिरी गेलेलं.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर ग्रंथालय उघडं होतं. समुद्राकडे परत.

समुद्रात बनलेल्या कवचांपैकी साधारण अर्धी वरच्या शंभर मीटरमध्येच विरघळतात. उरलेली खाली जाता जाता आणि तळावर. कायमची पुरली जातात ती शेकड्याला तीन-चार. जड, जाड कवचं किंवा गुठळ्या होऊन झपाट्याने बुडणारी कवचंच खोल पोचतात, आणि जाताना आपल्याबरोबर कार्बनही नेतात. समुद्रातल्या प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे ४० टक्के वाटा डायटमचा मानतात, तेव्हा ही वाहतूक हवामानाच्याही हिशोबात येते.

दक्षिण महासागर या चक्रातलं सगळ्यात मोठं ठाणं. तिथे लोह कमी. लोह कमी पडलं की डायटम नायट्रोजनच्या मानाने जास्त सिलिका घेतात, कवचं जाड होतात. त्यामुळे तिथून उत्तरेकडे सरकणाऱ्या पाण्यात नायट्रेट उरतं, सिलिका जवळजवळ नसते. होर्हे सार्मिएंटो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की जगातल्या बऱ्याच समुद्रांचा वरचा थर याच पाण्यावर पोसला जातो. अंटार्क्टिकाभोवतीच्या डायटमनी सिलिका काढून घेतली म्हणून हजारो किलोमीटरवरच्या उष्ण समुद्रात डायटम कमी. हे वाचून नदीवरच्या धरणांचा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही.

बंगालच्या उपसागराची तऱ्हा वेगळी. गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी यांचं गोडं पाणी वर पसरतं आणि खालचं पोषक पाणी वर यायला अडथळा होतो. पण याच नद्या चिकणमाती आणतात. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या खोल पाण्यात गाळ पकडणारे सापळे लावले. मातीचे कण सेंद्रिय द्रव्याला चिकटून त्याला जड करतात आणि ते लवकर बुडतं, हे त्या कामातून पुढे आलं. नदीचं सिलिकॉन डायटमना वाढवतं आणि नदीचीच माती त्यांना तळाला नेते.

९ फेब्रुवारी

मैत्रिणीच्या कायमस्वरूपी काचपट्ट्या झाल्या. सिलिकाचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचं प्रमाण) साध्या माध्यमांच्या जवळ असल्याने कवच दिसेनासं होतं. जास्त अपवर्तनांकाचं माध्यम वापरल्यावर प्रत्येक रेघ उठून आली. दसकची निट्झशिया पॅलियाच निघाली.

२ मार्च

प्रबंध दिला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाटल्यांबद्दल फार विचारलं नाही, पण सिलिकॉन-नायट्रोजनच्या आलेखापाशी थांबले आणि पावसाळ्याचा बिंदू कुठे म्हणाले. तो पुढच्या वर्षीच्या जोडीने घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवते.

जूनमध्ये नदीला पहिलं गढूळ पाणी आलं की त्याच दिवशी नमुना घ्या, आणि नंतर दर पंधरवड्याला सप्टेंबरअखेरपर्यंत. गंगापूरचा विसर्ग सुरू असताना धरणाच्या वर आणि खाली एकाच दिवशी घ्या. काठावरून, पाण्यात न उतरता, दोरीला बांधलेल्या प्लास्टिकच्या बादलीने. पाणी लगेच गाळा. नायट्रेटची चाचणी त्याच संध्याकाळी करा. सिलिकाचे नमुने गोठवू नका, गोठवल्यावर सिलिका एकत्र जुळते आणि वाचन कमी येतं. अंधारात, गार जागी ठेवले की चालतं. बाटल्या मामांकडे आहेत. बाटली ग अजून चालू आहे, तिचं वाचन महिन्यातून एकदा घेत राहा.